वहीतले रिकामे मंगळवार

आहारतज्ज्ञ म्हणून मी गेली बावीस वर्षे काम करते आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे खाण्याच्या विकारांनी गांजलेल्या माणसांबरोबर गेली आहेत. या लेखात जिच्याविषयी मी लिहिणार आहे ती मुलगी म्हणजे प्रत्यक्षात तिघी-चौघी आहेत; कोणाचीही ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील मी एकमेकांत मिसळले आणि बदलले आहेत. तिच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली ती मात्र मी बदललेली नाही, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

ती सत्तावीस वर्षांची होती, चांगली नोकरी करत होती आणि बुलिमियाचे निदान होऊन माझ्याकडे आली होती. थोड्या वेळात भरमसाट खायचे, खाताना हात थांबत नाही असे वाटायचे आणि मग ओकारी काढून किंवा उपाशी राहून त्याची भरपाई करायची, या चक्राला लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नर्व्होसा हे नाव दिले. अशा रुग्णाला आम्ही पहिल्याच भेटीत एक वही ठेवायला सांगतो: काय खाल्ले, किती वाजता, कुठे बसून आणि त्या वेळी मनात काय होते. ती आठवडाभराने शंभर पानी वही घेऊन आली. एवढी टापटीप वही मी क्वचितच पाहिली असेल. समास आखलेला, वेळा मिनिटासकट लिहिलेल्या, अक्षर उभे आणि टपोरे. फक्त मंगळवारचे पान दुपारी साडेचारला थांबले होते. रात्री नऊपर्यंत काहीच नव्हते आणि त्यानंतर, पानाच्या अगदी तळाशी, तिरक्या, घाईच्या अक्षरांत एवढेच लिहिले होते: ‘लाडवांचा डबा रिकामा. घसा दुखतोय.’

हे कोणी लिहिले, असे मी विचारले. ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, अक्षर माझं नाहीये. पण वही तर माझ्याच पर्समध्ये असते.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. खाण्याचे विकार असलेली माणसे शरमेपोटी लपवाछपवी करतात हे मला शिकवलेले होते आणि ते खोटेही नाही; म्हणून हा त्यातलाच प्रकार आहे असे मी धरून चालले. पुढच्या मंगळवारी पुन्हा तसेच झाले तेव्हा मी आहाराचा तक्ता आणखी कडक केला आणि तिच्या आईला स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावायला सांगितले. पंधरवडाही गेला नाही, तोच तिने स्वतःला इजा करून घेतली आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. तिथल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी तिच्याशी दोन तास बोलून झाल्यावर मला फोन केला. “तुम्ही जे कुलूप लावलंत ना,” त्या म्हणाल्या, “त्याच्यामागे तिने बरंच काही कोंडून ठेवलं होतं.”

त्या दिवशी मला डिसोसिएशन हा शब्द पहिल्यांदा नीट समजला. पुस्तकी मराठीत त्याला वियोजन किंवा विघटन म्हणतात. पण ज्यांना ते भोगावे लागते त्यांचे शब्द वेगळे असतात. ‘मी तिथे नसतेच’, ‘डोकं सुन्न होतं’, ‘काचेपलीकडून बघितल्यासारखं वाटतं’, ‘मधला वेळ गायब होतो’. ज्या प्रसंगातून पळता येत नाही आणि ज्याला तोंडही देता येत नाही, त्या प्रसंगात, विशेषतः लहान वयात आणि पुन्हा पुन्हा, मन स्वतःच तिथून निघून जाते. शरीर मागे राहते. भान, आठवण, भावना आणि शरीराची जाणीव हे एरवी एका दोरीत विणलेले धागे सुटे होतात. पुढे पॅरिसमधल्या साल्पेत्रिएर रुग्णालयात काम केलेल्या पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १८८९ मध्येच हे विस्ताराने मांडले होते. नंतर कित्येक दशके त्यांचे काम बाजूला पडले आणि गेल्या चाळीसएक वर्षांत ते पुन्हा हाती घेतले गेले आहे.

थोडीशी तंद्री सगळ्यांनाच लागते. रोजच्या रस्त्याने घरी पोहोचल्यावर मधले चौक आठवत नाहीत, हा अनुभव कोणाला नाही? १९८६ मध्ये बर्नस्टाइन आणि पुटनम या अमेरिकी संशोधकांनी डिसोसिएशन मोजण्यासाठी २८ प्रश्नांची जी प्रश्नावली तयार केली तिची सुरुवातच अशा प्रवासाच्या प्रश्नाने होते. मात्र पुढे तीच प्रश्नावली विचारते की आरशात पाहिल्यावर आपण स्वतःला ओळखले नाही असे कधी झाले आहे का, किंवा विकत घेतल्याचे आठवत नाही अशा वस्तू आपल्याच सामानात सापडल्या आहेत का. माझ्या या मुलीला कचऱ्याच्या डब्यात बिस्किटांची रिकामी पाकिटे सापडत आणि त्यावरून तिला कळे की आपण खाल्ले आहे. हे प्रश्न त्याआधी तिला कोणीही विचारलेले नव्हते, आणि त्या ‘कोणीही’मध्ये मीही येते.

मनावर असा आघात सोसलेल्या प्रत्येकाला खाण्याचा विकार होत नाही आणि खाण्याचा विकार असलेल्या प्रत्येकाच्या भूतकाळात आघात असतोच असेही नाही. तसे गृहीत धरून कोणाच्या आठवणी उकरायला बसणे हा अपराध आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. परंतु जिथे दोन्ही एकत्र असतात तिथे खाण्याचा त्रास हा केवळ खाण्याचा राहत नाही. तो त्या तुटलेल्या भानाची डागडुजी करत असतो. उपाशी राहिल्याने शरीर बधिर होते आणि ज्या शरीरात नको ते साठलेले आहे ते जाणवेनासे होते. भरमसाट खाताना एक प्रकारची धुंदी येते आणि त्या धुंदीत विचार थांबतात. ओकारी काढणे ही काहींसाठी शरीरात घुसलेले काहीतरी बाहेर काढण्याची धडपड असते, तर काहींसाठी पुन्हा शरीरात परतण्याचा एकमेव रस्ता असतो, कारण त्या क्षणी निदान काहीतरी जाणवते. एकाच बाईच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी खऱ्या असू शकतात.

शिवाय अन्न स्वतःच आठवण बनून बसलेले असते. लहान मुलांवर अत्याचार करणारा माणूस बहुतेकदा ओळखीचाच असतो, आणि ‘ये, तुला खाऊ देतो’ हे वाक्य त्याच्या तोंडी कितीदा असते हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारा. मग पुढे वीस वर्षांनी ती मुलगी रव्याचा लाडू समोर आला की पांढरीफटक पडते आणि घरचे म्हणतात, हिला गोड आवडत नाही. काहींना विशिष्ट पोताचे पदार्थ, साय, दही, मऊ बुळबुळीत असे काहीही, तोंडात धरवत नाही. अशा मुलींच्या तोंडी ‘मला जाड व्हायचं नाही’ हे वाक्य अनेकदा ऐकूच येत नाही. पाश्चात्त्य निकषांत जाडीची भीती हा अनोरेक्सियाचा, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या विकाराचा, गाभा मानला गेला, परंतु हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की त्यांच्या अनेक रुग्णांत ती भीती नसतेच. पोट भरल्यासारखे वाटते, घास उतरत नाही, असेच ते सांगतात. आपल्याकडेही मी हेच ऐकत आले आहे, आणि म्हणूनच अशा मुली वर्षानुवर्षे पोटविकाराच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारत राहतात.

आता उपचाराची खरी अडचण इथे आहे. खाण्याचे वागणे आधी थांबवले तर त्याने दाबून धरलेले सगळे एकदम वर येते. माझ्या कुलपाने तेच केले होते. उलट, आधी आघातावर काम करू, खाणे मग आपोआप सुधारेल, असे म्हटले तर उपाशी मेंदूला ते काम झेपत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून जो प्रयोग केला, त्यात हे तरुण उदास, चिडखोर आणि भावनाशून्य झाले आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. त्यांच्यावर कोणताही अत्याचार झालेला नव्हता. म्हणजे समोर बसलेल्या मुलीची जी बधिरता आपल्याला दिसते, तिच्यातली किती जुन्या आघाताची आणि किती निव्वळ उपासमारीची, हे ती थोडीतरी जेवू लागेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.

त्यामुळे दोन्ही कामे बरोबरीने आणि फार हळू चालवावी लागतात. आघाताच्या उपचारांत तीन टप्पे मानण्याची पद्धत जाने यांच्यापासून आहे आणि अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ती नव्याने रूढ केली: आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आठवणींवर काम, मग पुढचे आयुष्य. माझ्या अनुभवात नियमित जेवण हे पहिल्या टप्प्याचेच काम आहे. ऑक्सफर्डचे मनोविकारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीत तीन जेवणे, मधली दोन-तीन खाणी आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून अधिक अंतर नको, असा साधा नियम आहे. तो मी आजही वापरते. फरक एवढाच की आता मी त्याचा उद्देश वजन किंवा शिस्त असा सांगत नाही. ठरलेल्या वेळी जेवण मिळते, ते कोणी हिसकावत नाही आणि ते घेण्यासाठी कोणालाही काही द्यावे लागत नाही, हे शरीराला पटवण्यासाठी तो नियम आहे, असे मी सांगते.

जेवणासमोर बसण्याविषयी मात्र मला बरेच शिकलेले विसरावे लागले. ‘डोळे मिटा, घास जिभेवर घोळवा, शरीराच्या आत काय वाटते ते पाहा’ हा सल्ला एरवी चांगला आहे; या रुग्णांना तो कड्यावरून ढकलल्यासारखा ठरू शकतो, कारण डोळे मिटून आत पाहिले की तिथे तेच असते ज्यापासून त्या पळत आल्या. म्हणून आम्ही डोळे उघडे ठेवून बाहेरून सुरुवात केली. माझ्या खोलीत टेबलावर दोन वाट्या वरणभात, लिंबाची फोड आणि स्टीलच्या तांब्यात गार पाणी असे. आधी ती त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावरची तारीख मोठ्याने वाचायची. मग तांब्याला तळहात लावून गारवा जाणवतो का ते सांगायची, लिंबू नखाने खरवडून वास घ्यायची, पाय जमिनीला टेकले आहेत ना हे पाहायची. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली असे आणि दार उघडे. मी तिच्याबरोबर जेवायची. तिच्या ताटाकडे न बघता, इकडचे तिकडचे बोलत. एखाद्या घासाला तिची नजर काचेसारखी स्थिर व्हायची, चमचा हवेत थांबायचा. तेव्हा ‘खा ना’ म्हणायचे नाही, हे मी शिकले. ‘खिडकीबाहेर रिक्षा उभी आहे, तिचा नंबर वाचतेस का?’ असे मी म्हणायची, ती नंबर वाचायची, आणि परत आली की मगच पुढचा घास. पहिल्या दिवशी अर्धी वाटी भात संपायला पन्नास मिनिटे लागली.

ताट संपवल्याशिवाय उठायचे नाही, ही आपल्या घरोघरची शिस्त आणि अनेक वॉर्डांमधलाही नियम. ज्या मुलीच्या ‘नको’ला लहानपणी किंमत मिळाली नाही तिच्यावर हा नियम लादला की ती जेवते, पण जेवताना ती तिथे नसते, आणि मग ते जेवण तिच्या हिशेबी कोणा दुसरीच्या पोटात जाते. जीव धोक्यात असेल तेव्हा नळीने अन्न द्यावे लागते, तिथे वाद नाही. तेव्हासुद्धा कोण आत येणार, काय करणार, किती वेळ लागणार आणि कोणत्या खुणेवर क्षणभर थांबायचे, हे आधी सांगितल्याने फार फरक पडतो. वजन करण्याचेही तसेच. पाठमोरे उभे करून आकडा न दाखवता वजन घेण्याची रीत आहे, पण पाठीमागे कोणी उभे असणे हेच ज्याला सहन होत नाही त्याला आधी विचारायला हवे.

भान तुटून तिच्या मनाच्या ज्या वेगवेगळ्या बाजू झाल्या होत्या त्यांच्याविषयी लिहिताना मी जपून लिहिते आहे, कारण चित्रपटांनी या विषयाचा तमाशा करून ठेवला आहे. तिच्या बाबतीत जेवण बंद करणारी एक कडक बाजू होती, तिला ती ‘हेडबाई’ म्हणायची, आणि मंगळवारी डबे रिकामे करणारी एक लहान बाजू होती, ती ‘धाकटी’. ही नावे तिचीच. उपचार करणाऱ्याने नवी नावे देऊ नयेत, नव्या बाजू शोधत बसू नये, आणि कोणत्याही बाजूला हाकलून देण्याची भाषा तर मुळीच करू नये. आमच्या मनोविकारतज्ज्ञ बाई तिच्याशी बोलताना ‘जे कोणी ऐकताय त्या सगळ्यांसाठी सांगते’ अशी सुरुवात करत. हेडबाईची समजूत अशी होती की अंग भरले की धोका येतो. बारा वर्षांच्या मुलीच्या हिशेबाने तो तर्क अचूक होता. धाकटीला तर वर्ष कोणते चालू आहे हेही ठाऊक नव्हते. घर बदलले आहे, तो माणूस आता इथे येऊ शकत नाही आणि लाडू उद्याही डब्यात असतील, हे तिला सांगायला कित्येक महिने गेले. कपाटाचे कुलूप काढले आणि साडेचार वाजता धाकटीच्या आवडीचा खाऊ एका छोट्या डब्यात मुद्दाम ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मंगळवारचे खाणे वाढेल अशी तिच्या आईला धास्ती होती. ते वाढले नाही; चार-पाच महिन्यांत निम्म्यावर आले.

मंगळवारच का, हे ती पुढे आमच्या बाईंना सांगू शकली. ते कारण मी इथे लिहिणार नाही, ते तिचे आहे.

घरच्यांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आपल्याकडे उपासाच्या आडोशाला उपासमार सहज लपते. सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र असे करत एखादी मुलगी आठवड्यातले चार दिवस काही न खाता काढते आणि नातेवाईक तिच्या श्रद्धेचे कौतुक करतात. तिची आई मला म्हणाली होती, “अहो मॅडम, आम्हाला वाटायचं पोरगी देवभोळी आहे.” त्या माउलीला दोष देऊन काही हाती लागत नाही, तिला एवढेच शिकवावे लागले की जेवणाच्या वेळी वजन, रंगरूप आणि लग्न हे तीन विषय काढायचे नाहीत, आणि मुलगी हरवल्यासारखी दिसली तर गदागदा हलवायचे नाही, तर समोर बसून शांतपणे आपले नाव, तिचे नाव आणि आजचा वार सांगायचा.

शरीराच्या तपासण्यांबाबत मी हट्टी आहे. वारंवार ओकाऱ्या काढल्याने रक्तातले पोटॅशियम उतरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दीर्घ उपासमारीनंतर अन्न एकदम वाढवले तर रक्तातले फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते. इतर रुग्ण निदान छातीत धडधडते, चक्कर येते, असे सांगतात. डिसोसिएशन असलेल्या माणसाला वेदना, थंडी, भूक, धडधड यांतले काहीच जाणवत नसेल असे होऊ शकते. ‘मला काही होत नाहीये’ हे तिचे उत्तर प्रामाणिक असते आणि तरीही त्यावर विसंबता येत नाही. म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी ठरल्या तारखेला झालेच पाहिजेत, ती कितीही ठीक दिसत असली तरी. औषधांचे म्हणाल तर फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा बुलिमियात उपयोग होतो; तुटलेले भान जोडणारी गोळी मात्र नाही, आणि तसे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

असे उपचार एकट्याने करता येत नाहीत. आहारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, आघातावर काम करणारा मानसोपचारक आणि फॅमिली डॉक्टर एकमेकांशी बोलत असतील तरच ते चालतात, आणि पुण्या-मुंबईबाहेर असे चौघे एकत्र सापडणे आजही अवघड आहे. निदान सुरुवातीला बोलायला कोणी हवे असेल तर सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. माझ्या व्यवसायबंधूंना मी एवढीच विनंती करते की वहीत रिकामी जागा दिसली, अक्षर बदललेले दिसले, तर ‘का लपवलंस?’ असे विचारण्याआधी ‘त्या वेळेचं तुला काय आठवतंय?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शरमेने मिळते किंवा मिळतच नाही.

ती अजून माझ्याकडे येते, महिन्यातून एकदा. रव्याचा लाडू ती खात नाही आणि खायला हवा असे मला वाटत नाही. वही तिने सोडलेली नाही. कितवी शंभर पानी आहे कोण जाणे. गेल्या वेळी ती टेबलावर उघडी होती आणि पान मंगळवारचे होते. साडेचारसमोर तिरक्या अक्षरांत लिहिले होते, ‘चार बिस्किटं, दूध. पोट भरलं.’ त्याच्या खाली, उभ्या टपोऱ्या अक्षरांत, वेळ पाच वाजून दहा मिनिटे, आणि पुढे एकच शब्द: ‘वाचलं.’